गोड्या वाडीत खारं खत

पाऊस जाऊन पंधरा-वीस दिवस झाले की आमच्या वाडीत बदकांचा आवाज बदलतो. चार महिने ती चिखलात लोळत असतात, तेव्हा त्यांचं ओरडणंही ओलं, अर्धवट बुडालेलं असतं. दिवाळीच्या सुमाराचं ऊन पडलं, अंगण वाळलं, की तोच आवाज कोरडा आणि मोठा होतो, केळीच्या रांगांवरून थेट विहिरीपर्यंत जातो. नाताळला अजून सहा आठवडे असतात. घरोघरी बदकांना मूठभर जादा कोंडा पडू लागतो. यंदा कुठल्या बदकाचं मोयल, म्हणजे नाताळचं कालवण, होणार हे त्या बदकाखेरीज सगळ्यांना माहीत असतं, आणि मुलं त्याला नावाने हाक मारायचं बंद करतात.

या दिवसांत वाडीच्या उत्तरेच्या कोपऱ्याकडे वळताना माझी पावलं अजून हळू होतात. तिथे पाहायला वाईट असं काही नाही. माझ्या आत्याची, कतरीनआत्याची, पानवेल आहे. शेवरीच्या उंच काठ्यांवर चढलेली, आत शिरलं की अंधारल्यासारखं आणि गार वाटावं इतकी दाट. सात वर्षांपूर्वी याच ऋतूत मी ती वेल मारली होती.

हे सगळं पुन्हा वर आलं ते एका कागदामुळे. गेल्या आठवड्यात शेतकी खात्याचा एक माणूस सायकलवरून आला. ओट्यावर बसून पाणी प्यायला आणि टाइप केलेले तीन कागद बाबांच्या हातात देऊन म्हणाला, "गावोगावची माहिती गोळा करतोय. इंग्रजीत आहे. तुमची मुलगी इंग्रजी शाळेत शिकलीय म्हणतात, तिलाच भरू द्या. पुढच्या सोमवारी नेतो." बाबांनी मला हाक मारली. मी उभ्याउभ्याच कागद चाळला. वर लिहिलं होतं, बदकाच्या खताचा वापर. पहिला प्रश्न: आपल्या भागातल्या जमिनीत हे खत कसं वापरतात, आणि शेजारच्या भागातल्या पद्धतीपेक्षा त्यात काय फरक आहे?

 हा प्रश्न मी एकदा सोडवला होता. पंधराव्या वर्षी, आणि मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले होते.

तेव्हा मी वांद्र्याला मदर लोकांच्या कॉन्व्हेंट शाळेत बोर्डिंगला होते. तिथे मी फारसं बोलत नसे, कारण माझ्या इंग्रजीला गावचा वास येई. सुट्टीत घरी आले की इथेही बोलत नसे, कारण माझ्या मराठीला आता शाळेचा वास येतो असं शेजारच्या मुली म्हणत. दोन्हीकडे गप्प राहायची सवय लागली की माणूस बघत राहतं. बघायला कोणी मना करत नाही. माझ्याकडे एक वही होती. जे दिसेल ते मी तिच्यात लिही, आणि वही उशाखाली ठेवून झोपे.

स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं होत आली होती त्या मे महिन्यात मदरनी सुट्टीसाठी निबंध दिला: तुमच्या पाहण्यातल्या दोन गावांची तुलना करा. बाकीच्या मुली मुंबई आणि पुणं लिहिणार हे मला ठाऊक होतं. मी आजोळ आणि घर घेतलं.

माझं आजोळ नायगावच्या खाडीच्या काठाला. आमच्या वाडीपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाचा रस्ता, पण मला ती जमीन दुसऱ्याच देशातली वाटे. आमच्याकडे भुरी, रेताड माती. पाय ठेवला की बोटांच्या फटींतून वर येणारी. विहिरी गोड्या पाण्याच्या, रहाट फिरतोय, पाट वाहतायत, सगळीकडे सावली. आजोळी झाड म्हणून नाही. काळी, चिकट, उन्हाने वीतभर भेगाळलेली खाजणाची शेतं, त्यावर मिठाची पांढरी साय, आणि दूर मिठागरांचे ढीग. मे महिन्याच्या दुपारी तिकडे बघितलं की डोळ्यांत पाणी येई.

माझा पास्कूमामा खाडीच्या बांधावर बदकं पाळी. दिवसभर ती खाडीच्या उथळ पाण्यात चिंबोऱ्यांची पिल्लं आणि गोगलगाई खात हिंडत, संध्याकाळी ओळीने बांधावरच्या खुराड्यात येत. मोठ्या भरतीला खुराड्याच्या जमिनीखालून पाणी झिरपे. शीट, चिखल, पिसं, शिंपल्या, सगळं एकजीव होऊन त्याची काळी वडी बने. मामा ती फावड्याने कापून पाटीत भरी आणि जशीच्या तशी शेतात नेऊन फेकी. वास असा की पहिल्या दिवशी मी रुमाल नाकाला लावला. मामी हसली. "बांद्र्याची बाय आली," ती म्हणाली. मी रुमाल खिशात टाकला आणि पुढचे तीन दिवस बांधावर बसून लिहीत राहिले. मामा जाता-येता माझ्याकडे बघे. "काय लिवतेस गो एवढं?" "काही नाही, मामा." "बदकांची नावं लिवतेस काय?" मी हसले. विचारलं काहीच नाही.

परत घरी आल्यावर वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून मी दोन रकाने केले. डावीकडे आजोळ: बदकाचं खत ताजं, ओलं, चिखलासकट, थेट शेतात, भाताचं पीक उत्तम. उजवीकडे आमची वाडी: बदकाच्या शिटीला लोक "गरम" म्हणतात, खड्ड्यात केळीच्या वाळक्या पानांखाली वर्षभर पुरून ठेवतात, मग थोडं थोडं माडाला, केळीला, पानवेलीच्या जवळ कधीच नाही. आणि खाली मी निष्कर्ष लिहिला. तो मला अजून शब्दन् शब्द आठवतो. माझ्या वडिलांच्या गावचे लोक या खताला विनाकारण भितात. त्यांनी माझ्या आईच्या गावाकडून शिकायला हवं.

मदरनी लाल शाईने लिहिलं होतं, अगदी बारकाईने पाहिलं आहेस.

मी मामाकडे फक्त मे महिन्यात जात असे. त्यामुळे तो मे महिना आहे याला काही अर्थ आहे, हे मला दिसलंच नाही. मामा खत टाकतो हे दिसलं, पावसाच्या तोंडावर टाकतो हे दिसलं नाही. जूनमध्ये त्या शेतांत काय होतं हे मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि कोणाला विचारलंही नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा बाबांनी निबंध ओट्यावर सगळ्यांसमोर वाचायला लावला. शेजारचे इनासकाका आले होते. आत्या पायरीवर बसून पानं लावत होती: ओल्या फडक्यावर पान, पानावर पान, देठ सगळे एका बाजूला. आई स्वयंपाकघराच्या दारात होती, पण वाचन सुरू झाल्यावर भात उतू जातोय म्हणून आत गेली. मी आधी इंग्रजीत वाचलं. कोणाला काही कळलं नाही, तरी सगळे माना डोलावत होते. मग बाबा म्हणाले, "आता आपल्या भाषेत सांग." मी खाली बघत सांगितलं.

"बदकाच्या शिटीवर दोन पानं इंग्रजी," इनासकाका म्हणाले. "पोरीची शाळा वाया गेली नाही हो."

"हसू नका," बाबा म्हणाले. "मदरनी लाल शाईत लिहिलंय."

सगळे हसले, पण बाबा हसले नाहीत. त्यांचा चेहरा अभिमानाने ताठ झाला होता. मला त्या ताठपणाची भीती वाटली, आणि सुखही वाटलं, खोटं बोलण्यात अर्थ नाही.

आत्याचे हात थांबले होते. ती म्हणाली, "बाय, मग ते वेलीलाही चालेल का गो?"

तिच्या या प्रश्नाच्या मागे काय होतं ते सांगायला हवं. आत्याचा नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला. सासरी कोणी नव्हतं, ती भावाकडे परत आली. पण भावाच्या चुलीवर जेवणं तिला जड गेलं. तेव्हा बाबांनी उत्तरेचा कोपरा तिला दिला आणि इनासकाकांच्या समोर शब्द ठरला: वेल उभी आहे तोवर जागा कतरीनची. तिने एकटीने शेवऱ्या लावल्या, वेल चढवली, केळीच्या खोडाच्या सालीच्या, सोपाच्या, दोऱ्यांनी एकेक पेर बांधलं. कोपऱ्याला लागून तिची एका खोलीची झोपडी आणि तिची स्वतःची चूल. त्या वेलीच्या जोरावर ती सणाला आमच्याकडे पाहुणीसारखी येई, हातात काहीतरी घेऊन. पण त्या वर्षी पानं लहान पडू लागली होती. एरंडीची पेंड घालून झाली, फरक नव्हता. ती रोज पानं उजेडात धरून बघे.

माझ्या निबंधात पानवेलीबद्दल, तिच्याजवळ हे खत नेत नाहीत यापलीकडे, एक अक्षर नव्हतं. मला ठाऊक नव्हतं. "ठाऊक नाही" एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि बोलायची मला सवय नव्हती. मी मान हलवली. वरून खाली. हो अशी.

नाताळच्या तीन दिवस आधी मी पुन्हा घरी आले. पेटी ठेवली आणि सवयीप्रमाणे उत्तरेच्या कोपऱ्याकडे गेले, कारण त्या गारव्यात शिरल्याशिवाय मला घरी आल्यासारखं वाटत नसे. वळणावरच ऊन दिसलं. जिथे कधी ऊन पडत नसे तिथे जमिनीवर पांढरं, उघडं ऊन पडलं होतं.

पहिल्यांदा वाटलं, मी चुकीच्या जागी आले. शेवऱ्या उभ्या होत्या, त्यांना दोऱ्यांनी बांधलेल्या वेलीही होत्या, पण त्या वेली म्हणजे काळ्या दोऱ्याच. जी पानं उरली होती त्यांच्या कडा विस्तवावर धरल्यासारख्या तपकिरी, आत वळलेल्या. खाली गळलेल्या पानांचा थर. पाय टाकला की पापडासारखा मोडत होता. आणि बुंध्यांपाशी, ओळीने, नीट पसरलेली काळी माती, तिच्यात शिंपल्यांचे पांढरे तुकडे. त्या शिंपल्या मी ओळखल्या.  वास येत होता, तोच. खाडीचा.

आत्या काठ्यांच्या पलीकडे बसली होती. तिने वर बघितलं. "आलीस, बाय?" एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "जेवलीस?"

मला ती ओरडायला हवी होती.

घरी कळलं की सुट्टी संपून मी गेल्यावर आत्याने गाडीवाल्याला निरोप देऊन मामाकडून एक गाडीभर खत मागवलं होतं. मामाने काही विचारलं नाही. वाडीतले लोक खाडीचा गाळ माडाला नेतातच, माडाला मीठ मानवतं. आईने गाडी येताना पाहिली, तिलाही वाटलं, माडांसाठीच असेल. आत्याने कोणाला सांगितलं नाही, कारण वेल भरभरून आली की मगच सांगायचं तिने ठरवलं होतं.

"कोणाच्या डोक्यातून आलं हे?" बाबांनी तिला माझ्यासमोर विचारलं.

"माझ्याच," आत्या म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "तुझ्याने झालं तेवढं केलंस, कतरीन. नाताळ होऊ दे. मग शेवऱ्या काढू, केळी लावू. तू आमच्याकडे जेवायला ये." आत्या म्हणाली, "बरं." मी खांबाला टेकून उभी होते. माझी मान, जी दिवाळीत इतक्या सहज हलली होती, ती आता दगडाची झाली होती.

त्या नाताळचं मला फार थोडं आठवतं. देवळातल्या गोठ्याच्या देखाव्यातला मेणबत्त्यांचा वास. आईने तळलेले मैद्याचे गोल फुगे, मोठ्या पातेल्यात बदकाचं मोयल. बाबांनी माझ्या पानात मांडीचा तुकडा वाढला. मी त्याच्याकडे बघत बसले. आत्या त्या दिवशी हातात काही न घेता आली होती. पहिल्यांदाच. ती दारात जरा थांबली, रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळेना, मग तिने ते पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई विहिरीवर भांडी घासत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "आई, आत्याने मला विचारलं होतं. मी मान हलवली होती."

आईने घासणं थांबवलं. "काय विचारलं होतं?"

मी सगळं सांगितलं. वही, दोन रकाने, मामाचा बांध, लाल शाई. ती ऐकत होती आणि तिच्या हातातून राख ओघळत होती. मग ती उठली, तशीच ओल्या हातांनी उत्तरेच्या कोपऱ्याकडे चालू लागली. मी मागून धावले. ती वेलीच्या पहिल्या ओळीपाशी गुडघ्यांवर बसली, बुंध्यापाशी बोट खुपसून चिमूटभर काळी माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

 ती बदकाची शीट होती. माझी आई, जी रविवारी हातात जपमाळ आणि डोक्यावर पांढरा पदर घेऊन देवळात पहिल्या बाकावर बसते, ती चिखलात बसून ते चाखत होती. तिने डोळे मिटले, मग बाजूला थुंकली.

"मीठ हाय हे," ती म्हणाली. "निव्वल मीठ. हे आता इथं कोन घालतं?"

आईच्या तोंडून 'ण'च्या जागी असा 'न' मी कधी ऐकला नव्हता. लग्न होऊन ती या वाडीत आली तेव्हा इथल्या बायका तिला खारातली म्हणत. खारातलीला गोड्या पाण्याचं काय कळतं, असं तिच्या तोंडावर म्हणत. तेव्हापासून ती 'पानी' सोडून 'पाणी' म्हणायला शिकली, आणि माहेरी शेती कशी करतात हे बोलायचं तिने सोडून दिलं. सोळा वर्षं. मी खाडीच्या बांधावर तीन दिवस बसून जे लिहिलं ते सगळं, आणि जे लिहिलं नाही तेही, आमच्या स्वयंपाकघरात भात शिजवत उभं होतं. तिच्या गावावर मी दोन पानं लिहिली, गुण मिळवले, आणि तिला एक प्रश्न विचारला नव्हता.

"आमच्याकडं हे मे महिन्यात घालतात, पोरी," ती म्हणाली. ती अजून खालीच बसली होती. "वरून पाऊस पडतो. शेतात पानी उभं करायचं, सोडायचं, परत उभं करायचं. मग बांधावर बसून पानी चाखायचं. बापूस चाखायचा, मी चाखायची. खारट लागलं की भात टाकायचं नाय. मीठ गेलं म्हंजे मग मोड आलेलं भात टाकायचं. इथं पाऊस कुटं हाय आता? मीठ जाईल कुटं?"

मग ती एकाएकी गप्प झाली, कारण आत्या झोपडीच्या दारात उभी होती आणि सगळं ऐकत होती. आईने तिला विचारलं, "कतरीनबाय, मला का नाही विचारलंत?" तिचं ते नीट, शिकलेलं बोलणं परत आलं होतं.

आत्या म्हणाली, "वहिनी, तुम्ही कधी बोलताच कुठे."

यात टोमणा नव्हता. खरं होतं. आमचं घरच असं आहे.

मी बाबांकडे गेले. ते पडवीत कोयत्याला धार लावत होते, शेवऱ्या काढायच्या होत्या म्हणून. वाटेतच मी वाक्य जुळवलं होतं, पण त्यांच्यासमोर ते विसरले आणि म्हणाले, "आत्याने स्वतःच्या मनाने केलं नाही. मी सांगितलं. मला माहीत नव्हतं, तरी सांगितलं."

 मला वाटलं, आता शाळा बंद. त्यांनी कोयता खाली ठेवला, उठले आणि म्हणाले, "चल माझ्याबरोबर."

ते मला केळीच्या अगदी शेवटच्या रांगेत घेऊन गेले, कुंपणापाशी, जिथे कोणी जात नाही. तिथल्या पाच केळींची पानं कडेने जळली होती. तपकिरी, आत वळलेली. बुंध्यापाशी काळी माती आणि शिंपल्या.

"कतरीनच्या गाडीतली एक पाटी मी उचलली होती," बाबा म्हणाले. "म्हटलं, बघू तरी. मदरनी लाल शाईत लिहिलंय." ते माझ्याकडे न बघता केळीचं एक जळकं पान मोडत राहिले. "पंधरा दिवस झाले. कोणाला सांगितलं नाही."

 आत्याच्या वेलीसाठी मी रडायला तयार होते, पण या पाच केळींनी मला हलवलं. माझा बाप, ज्याच्याकडे गावातले लोक केळीचे कंद निवडायला येतात, ज्याच्या हाताने माती नुसती दाबली की तिला काय हवं ते कळतं, त्याने माझ्या इंग्रजीपुढे आपला हात खाली ठेवला होता. चोरून. आणि मग आत्यालाच म्हणाला होता, तुझ्याने झालं तेवढं केलंस.

आम्ही परत आलो तेव्हा आई आणि आत्या वेलीच्या शेवटच्या टोकाला, पाटाच्या बाजूला वाकून उभ्या होत्या. तिथे पाट फुटका होता. रहाट चालू असला की त्या फटीतून दिवसभर पाणी गळे, आणि आत्या नेहमी म्हणे की एकदा तेवढं लिंपायला हवं. त्या गळतीखालची एक वेल हिरवी होती. फार नाही, वरची पाच-सहा पानं. पण काळी नव्हती.

"ही बघा," आई म्हणाली. ती बाबांशी बोलत होती, मोठ्याने, परक्या माणसांसमोर बोलावं तशी. "पानी लागलं, मीठ गेलं, ही जगली. शब्द काय होता तुमचा? वेल उभी आहे तोवर. ही उभी हाय."

 मग बाबांनी आत्याला केळींबद्दल सांगितलं. एका वाक्यात, घाईघाईने.

आत्याने पदर तोंडाला लावला. आम्हाला वाटलं, रडते आहे. "माझ्या गाडीतलं चोरलंस," ती म्हणाली, आणि ती हसत होती. "आणि देवाने लगेच दाखवलं. पाचच केळी? चांगली दहा जायला हवी होती."

"दुसऱ्या पाटीचा विचार होता," बाबा म्हणाले. "तेवढ्यात पहिलीची पानं वळली."

उरलेली सुट्टी आम्ही चौघांनी त्या कोपऱ्यात काढली. काळी माती फावड्याने खरवडून कुंपणाबाहेर माडांच्या बुंध्याशी नेली. मग आई सांगेल तसं: आळी करायची, पाटाचं पाणी भरायचं, मुरू द्यायचं, पुन्हा भरायचं. बाबा रहाटावर, आत्या फावडं घेऊन, मी घागरीने कडेच्या जागा भिजवत. आई मधोमध उभी राहून हात दाखवी. इनासकाका कुंपणावरून बघून गेले आणि गावभर सांगितलं की खारातलीने नवऱ्याला रहाटाला जुंपलंय. आईच्या कानावर ते आलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "आज आनखी दोन आळी भरायची आहेत." माझ्या तळहातांना फोड आले. शाळेत परत गेल्यावर मदरनी विचारलं, हे कशाने? मी म्हणाले, निबंधाने. त्यांना ती गंमत वाटली.

मग जूनपासून पाऊस पडला, तसा दरवर्षी पडतो. मी वांद्र्याच्या खिडकीतून बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर एकच कोपरा होता.

दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा आई मला घेऊन तिकडे गेली. बाबा आणि आत्या आधीच तिथे होते. शेवऱ्यांना नवी पालवी होती, मधली जमीन रिकामी. पाटाजवळची एकच वेल काठीच्या वर जाऊन पलीकडे लोंबत होती. आत्याने तिचे तुकडे कापून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते, लावायला. ती लावत नव्हती. वाट बघत होती.

आईने माती उचलली. मला वाटलं, ती चाखणार. तिने ती माझ्यासमोर धरली. "तू चाख."

मी तिच्या हाताकडे बघितलं. माझ्या गळ्यात शाळेचं पदक होतं, पायात बूट. तिघं माझ्याकडे बघत होती, गेल्या दिवाळीत ओट्यावर सगळे बघत होते तशीच. मी माती जिभेवर ठेवली. ती खरखरीत होती, थंड, तिला पानांचा आणि जुन्या पाण्याचा वास होता. मी थांबले. मला घाईने मान हलवायची नव्हती. दातांखाली एक बारीक रेतीचा कण आला, तो मी चावला, आणि खरंच खारटपणा कुठे आहे का ते जिभेने शोधत राहिले.

"गोड आहे," मी म्हणाले. मोठ्याने.

आत्याने वेलीच्या तुकड्यांचं फडकं उलगडलं.

आज त्या कोपऱ्यात जेवढी वेल आहे ती सगळी त्या एका वेलीची. आत्या आता स्वतः बदकं पाळते, गोड्या पाण्याच्या डबक्यावर. त्यांचं खत खड्ड्यात वर्षभर पुरते, वाळक्या पानांखाली, वाडीतल्या लोकांनी नेहमी केलं तसंच. पण वर्ष झाल्यावर ते वेलीलाही घालते, आणि घालण्याआधी आईला हाक मारते. सणाला ती हातात काहीतरी घेऊन येते. आई तिच्याशी बोलताना आता ण सांभाळत नाही.

शनिवारी सकाळी मी शेतकी खात्याचा कागद घेऊन आईपाशी बसले. ती तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, "आई, मला पहिल्यापासून सांग. खाजणात काय करतात, केव्हा करतात, का करतात." तिने सुपातून वर बघितलं. "तुला ठाऊक हाय की सगळं." "नाही," मी म्हणाले. "मला एकाच चिमटीचं ठाऊक आहे."

ती दुपारपर्यंत बोलली. भरतीचं, बांध फुटल्याचं, बापाबरोबर शेताच्या कडेला बसून ओंजळीने पाणी चाखल्याचं, आणि एकदा खोटंच "गोड" म्हटल्याचं, कारण तिला खेळायला जायचं होतं, आणि त्या वर्षी एका तुकड्यात भात उगवलंच नव्हतं. बापाने मारलं का, मी विचारलं. "नाय. पुढच्या वर्साला परत मलाच चाखायला लावलं." एवढं बोलून ती तांदळातले खडे बघत राहिली. मी लिहीत होते. मध्ये मध्ये थांबवून विचारत होते, हे कधी, ते कशासाठी. कागदावरची जागा संपली, मी मागची बाजू घेतली.

शेवटी एक ओळ होती, माहिती देणाऱ्याचं नाव. मी आईचं नाव लिहिलं. रेमेदिया. घरात तिला कोणी या नावाने हाक मारत नाही, मीही हे नाव यापूर्वी कधी लिहिलं नव्हतं. पहिल्यांदा लिहिताना एक अक्षर चुकलं, खोडून पुन्हा लिहिलं.

"माझं कशाला लिवलंस?" ती म्हणाली. "सरकारी कागद हाय तो."

"तुझीच माहिती आहे."

ती कागदाकडे वाकून बघत राहिली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण आपलं नाव कुठे असेल तिथे तिने बोट ठेवलं, आणि ते बरोबर जागेवर होतं. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "आन खाली एक लिव. घालायच्या आदी चाखून बघा."

ते मी इंग्रजीत लिहिलं. दुसरा कुठलाही अर्थ निघणार नाही असं, स्वच्छ अक्षरात. सोमवारी तो माणूस येईल, वाचेल आणि बहुतेक दचकेल. दचकू दे.